ब्रिज पिकअप आणि दादाचा खांदा

३ सप्टेंबर, मंगळवार

निदान झालं. दोष गिटारचा आहे.

काल आमच्या बँडच्या तालमीत त्या वेगवान गाण्यात माझ्या गिटारचा नुसता चिखल झाला. दादाने ड्रम थांबवले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, तू माझ्या पुढे पळतोयस. मी पळत नव्हतो. आवाज गिचमिड होता म्हणून पळाल्यासारखं वाटलं. गिटारवर ब्रिजला, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीला लागून, तारांच्या खाली, काडेपेटीएवढा पिकअप बसवलेला असतो. तारेची थरथर ॲम्पपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. माझा कंपनीतून आलेला, मवाळ, सरकारी वृत्तीचा. मला हवा हाय-आउटपुट आणि टाईट. तळव्याने दाबलेली जाड तार 'ठक्' वाजली पाहिजे, 'भद्द' नाही.

मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. बिघाडाचं मूळ शोधणं हाच माझा धंदा.

कार्यक्रम एकवीसला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. वेळ भरपूर.

६ सप्टेंबर, शुक्रवार

दादाने आज सगळ्यांना सांगून टाकलं. उजव्या खांद्यातला स्नायू फाटलाय. पंचवीसला ऑपरेशन. नंतर हात वर जाईल, पण ड्रमचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे एकवीसचा कार्यक्रम कदाचित शेवटचा.

गाणाऱ्या बाई (शाळेत गणित शिकवतात, एरवी कडक) डोळे पुसायला बाहेर गेल्या. बेसवाला केमिस्ट आहे, त्याने गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं.  मी गिटारची पिशवी तीनदा उघडली आणि बंद केली.

घरी आल्यावर ठरवलं. दादाच्या या कार्यक्रमात गिटार अशी वाजली पाहिजे की जन्मभर आठवावी. आता पिकअप हा शौक राहिला नाही. कर्तव्य आहे.

८ सप्टेंबर, रविवार

पिकअपच्या आतला मॅग्नेट सिरॅमिक की अल्निको? सिरॅमिक कडक, चपळ. अल्निको गोड, गोलसर. नेटवर दोन्ही पक्ष एकमेकांच्या उरावर बसलेत. एक गृहस्थ म्हणतात, जोर वेगळा आणि टाईटपणा वेगळा; आउटपुट नुसता वाढवत गेलात तर लगदा होतो. दुसरे म्हणतात, हे गृहस्थ बहिरे आहेत. मला दुसरे पटले.

तालमीला गेलो नाही. अभ्यास अर्धवट टाकून कसा जाणार? दादाचा फोन आला. ये रे, नुसते बसून वाजवू, म्हणाला. म्हटलं, दादा, तुझ्यासाठीच चाललंय सगळं.  तो म्हणाला, बरं.

११ सप्टेंबर, बुधवार

घेतला. सिरॅमिक. खोक्यावर वीज कडाडतेय.

दुकानात ऐकून घेतला. मी वाजवलं तेव्हा थोडं भद्द झालं, पण ॲम्प दुकानातला, शिवाय बाहेर ट्रॅफिक.

बायकोला खोका दाखवला. ती म्हणाली, दादांकडे जाऊन आलास का? वहिनींचा फोन होता, दादांना शर्ट घालायलासुद्धा मदत लागते आता. म्हटलं, उद्या जातो.

१४ सप्टेंबर, शनिवार

स्वतः बसवला. चार वायरी, काय अवघड आहे? सोल्डरिंगचा एक थेंब डायनिंग टेबलावर पडला. बायकोने त्यावर फुलदाणी आणून ठेवली. हे वाईट लक्षण.

आधी आवाजच नाही. मग नुसती गुणगुण. मग एकदम ठक्! अंगावर काटा आला. मेट्रोनोम लावला नाही. त्या तालाच्या टिकटिकीने संगीताचा जीव जातो.

या भानगडीत तालीम पुन्हा राहिली. बेसवाल्याकडून कळलं, बाईंनी सुचवलं होतं की त्यांच्या शाळेतले संगीताचे सर गिटार वाजवतात, आधाराला म्हणून बोलवू या. दादा साफ नाही म्हणाला. माझा भाऊ वाजवेल, नाहीतर गिटार नको, म्हणाला.

याला म्हणतात विश्वास! (आधाराला? कोणाच्या आधाराला?)

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज दादाकडे तालमीला गेलो. नवा पिकअप फारच स्वच्छ आहे. आधी ज्या गोष्टी चिखलात बुडून जायच्या त्या सगळ्या वर आल्या. प्रत्येक निसटलेला ठोका खणखणीत. त्या वेगवान गाण्याला तर बाई गाता गाता माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

दादाने ड्रमची झांज डाव्या हाताला घेतलीय. उजवा हात वर नेताना तोंड वाकडं होतं, आणि कोणी बघितलं की लगेच हसतो. मी तिकडे बघायचं टाळलं. 

निघताना वहिनींनी दारात थांबवलं. म्हणाल्या, भाऊजी, त्यांना तुमच्याबरोबर वाजवायचंय हो, एवढंच. ते डबीबिबीचं राहू द्या आता. मी त्यांना पिकअप आणि तारांमधलं अंतर समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पण त्यातूनच सापडलं. उंची! पिकअप तारांना फार जवळ आहे. खाली घेतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

खाली घेताना एक वायर सुटली. पुन्हा जोडली. आता आवाज मधेच जातो, पण गिटार जराशी उजवीकडे कलती धरली की येतो. तशी धरून वाजवायची सवय करतोय. स्टेजवर दिसायलाही बरं दिसतं.

जेवण गेलं नाही. टेन्शन नाही, सहज.

२२ सप्टेंबर, रविवार

झाला कार्यक्रम.

हॉल भरला होता. पहिली गाणी ठीक. मान आखडली, पण गिटार कलतीच ठेवली. शेवटी ते वेगवान गाणं. दादाने काठ्या आपटून चार मोजले, मी हात मारला आणि काहीच नाही. गिटार मेली. हलवली, सरळ केली, उलटी कलती केली. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. थांबला नाही. बेसवाल्याला मानेने खूण केली आणि ते तिघं पुढे निघाले. मी काय करणार? पोपटासारखा मान हलवत मुक्या तारांवर हात मारत राहिलो.

गाणं संपलं आणि लोक उभे राहिले.

खाली एका गृहस्थांनी माझा हात धरला. म्हणाले, शेवटच्या गाण्यात काय टाईट गिटार हो, एक सूर जास्तीचा नाही! मी म्हणालो, सिरॅमिक.

गाडीत दादा खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. चेहरा पांढरा. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, शेवटच्या गाण्यात तू होतास का रे? म्हटलं, होतो की. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

वायरीचा दोष. वायर बदलली की प्रश्न मिटला.

६ ऑक्टोबर, रविवार

ऑपरेशन होऊन आता दादा घरी आहे. हात पट्टीत अडकवलेला. पुन्हा ड्रमवर बसण्याबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. त्याने स्वतःच निरोप धाडला, गिटार घेऊन ये. वहिनींनी बजावलं होतं, ॲम्प नको.

पलंगाशी खुर्ची ओढून बसलो. तो म्हणाला, तेच वाजव, वेगवान. डाव्या हाताच्या बोटांनी पांघरुणावर ताल धरला. मी सुरू केलं.

गिटारला वायरच जोडली नव्हती. मॅग्नेट, आउटपुट, उंची, कशाचा काही संबंध नाही. नुसत्या तारा आणि माझा हात. तिसऱ्या ओळीला मी त्याच्या पुढे. तो म्हणाला, ये मागे. आलो. पुन्हा पुढे. पुन्हा, ये मागे. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. आज दोष द्यायला खोलीत काहीच नव्हतं.

मग एकदा जमलं. तो आणि मी बरोबर चाललो. मी डोळे मिटले. वाटलं, हेच, हेच हवं होतं. मान खाली घालून वाजवत राहिलो.

वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा वर बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, भाऊजी, ते झोपलेत. मघाशीच.