तुझ्या वाटची प्रार्थना

प्रिय धाकट्या,

आईच्या पायपेटीचा भाता आज पुन्हा कानात धापा टाकतो आहे. स्तोत्र सुरू होण्याआधीच तो उसासे टाकायचा आणि आपण दोघं खुदुखुदु हसायचो. पुढे वर्गात जन्मभर कविता शिकवल्या, पण तशी लय कुठे सापडली नाही.

उद्या उपासनेत मला साक्ष द्यायची आहे, देवाचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायचा आहे. पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, शेवट गोड करा. मंडळीला धीर येतो."

मी म्हटलं, "बायको गेली माझी, साहेब. साखर कुठून आणू?"

मी खरं तेच सांगणार. तिच्या आजारपणात माझी प्रार्थनाच आटली होती. ओठ हलायचे, आत काही नसायचं. तेव्हा मंडळीतली शिंपीणमावशी रोज येऊन बसायची. म्हणायची, "तुम्ही गप्प बसा, गुरुजी. तुमच्या वाटची मी करते." त्या उसन्या प्रार्थनेवर मी तरलो. प्रभूने मला सोडलं नव्हतं, हे आज छातीठोकपणे सांगतो.

तुझा मुलगा देवाघरी गेल्यापासून तू चर्चची पायरी चढला नाहीस, माझ्याशीही बोलला नाहीस. प्रार्थना कर, असं मी म्हणणार नाही. तुझ्या वाटची मी करतो. तू नुसता येऊन बस.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं म्हणून उठलो, तर समोर तू!

"दादा, उद्या तू बोलणार म्हणे. मी मागे बसेन. गाणार नाही, डोळे मिटणार नाही. आधीच सांगतो."

"बरं बाबा. आधी आत तर ये."

तू आत हातपाय धुतो आहेस, तोवर एवढंच लिहितो. पाकीट आता लागणार नाही.

तुझा,
दादा