हद्दीवरचा पाहुणा

१२ जानेवारी १९५४, एटापल्ली

अखेर डोंगरांच्या पायथ्याशी आलो, आणि तेही माझ्याच अटींवर! आलापल्लीहून मोटार मिळत असताना मी बैलगाडी पत्करली, याचे येथील वनाधिकाऱ्यांना हसू आले. बिचाऱ्यांना वेगाखेरीज दुसरे सुख ठाऊक नाही. आपल्याकडील बहुतेक प्रवासवर्णने धावत्या खिडकीतून लिहिलेली असतात. माझे पुस्तक पायांनी लिहिले जाईल. उद्यापासून गाडीवाटही नाही. दिवसाला एक गाव, प्रत्येक ओढ्याशी विसावा, प्रत्येक वृक्षाची निर्दोष नोंद. माघात कुमुदचे लग्न. त्याआधी परतेन, असा लेकीला शब्द दिला आहे.

१३ जानेवारी, इरपगुडा

येथील रीत मोहक आहे. एक गाव पाहुण्याला दुसऱ्या गावाच्या हाती देते. हद्दीवरच्या येनाच्या झाडाखाली सामान उतरते, पलीकडची माणसे येतात. मग आणणारा म्हणतो, "हा पाहुना आमचा होता, आता तुमचा," आणि पाहुण्याचा हात त्यांच्या हातात ठेवतो. आज या गावच्या लच्छू नावाच्या वृद्धाने माझा हात नवरीचा घ्यावा तसा घेतला. मला हसू आवरेना. आंबील मात्र उत्तम होती.

१४ जानेवारी, झऱ्याजवळ

आजचा दिवस संतापात गेला. माझ्या संथपणालाही शिस्त आहे. ऊन उतरण्यापूर्वी माथ्यावरचा हा झरा गाठायचा होता. हद्दीवर आलो, तर पुढच्या गावची, मर्दाटोल्याची, माणसे आलेलीच नव्हती. लच्छू निवांत बिडी ओढत बसला. वर मलाच म्हणाला, "तुमीच म्हनले ना जी, हळूहळू जायाचं हाय? मंग आता काऊन तडफडून राह्यले?" त्याचे जोडीदार खिदळले.

हे मला सहन झाले नाही. ही घ्या तुमची रीत, असे म्हणून मी रिकाम्या वाटेकडे हात पुढे केला आणि पाहुणा सोपवण्याचे ते वाक्य स्वतःच खणखणीत उच्चारले.

लच्छूच्या हातातली बिडी गळाली. "नोका जी! तिथी कोनी नाई." कोणी नाही, हेच तर माझे म्हणणे होते. तळहाताला गारवा जाणवला, वारा असावा. माझी ट्रंक तिथेच ठेवून ते सगळे मागे न पाहता उतरून गेले. ट्रंक उद्या मागवू, असे ठरवून मी एकटाच वर आलो.

१५ जानेवारी, मर्दाटोल्याबाहेर

पहिल्याच झोपडीपाशी बुधरी नावाची बाई धान कांडत होती. तिने विचारले, तुमाले कोनं आनलं? कोणीही नाही, मी म्हणालो. मुसळ तसेच धरून ती माझ्या मागे पाहत राहिली. "मंग सामान घेऊन हुबे हायेत, ते कोन?"

वळून पाहिले. वाटेवर माझी ट्रंक होती. तिच्यावर वळकटी, नीट बांधलेली. माणूस नव्हता.

गाव जमला. शिव्या नाहीत, धाक नाही. उलट सारे हळहळत होते. मात्र आत कोणी घेईना. बुधरीने पानावर भात ठेवला आणि दूर सरली. ज्यांनी हाती घेतले त्यांचा तुम्ही पाहुणा, असे ती म्हणाली. दुसऱ्याचा पाहुना आमी हिसकून नाई घेऊ शकत, बाप्पा.

१६ जानेवारी, हद्दीवर

धावत इरपगुड्याला परतलो. मी धावलो! लच्छूचे पाय धरले. तो रडला. तुमीच तुमाले देऊन टाकलं जी, एवढेच म्हणत राहिला. मुलीच्या लग्नाचे सांगितले, तेव्हा मात्र उठला. भर उन्हात मला घेऊन हद्दीवर आला, रिकाम्या वाटेला हात जोडून म्हणाला, आमचा पाहुना वापस द्या.

मग कान देऊन ऐकू लागला. मला काहीच ऐकू आले नाही.

त्याचा चेहरा उतरला. "ते नाई म्हन्ते. पुढच्या हद्दीवर देऊ म्हन्ते." कोणाला, असे मी विचारले. तो गेला. ट्रंक पुन्हा माझ्याजवळ आहे.

१७ जानेवारी

पायवाट अनोळखी. मी खाली उतरत होतो — नक्की खालीच — तरी चढण संपत नाही. बसलो की सामान थांबते. उठलो की पुढे सरकते. एखादे झाड न्याहाळले, की ते सामान वाहणारे अदबीने वाट पाहतात. माझे न्याहाळणे संपेपर्यंत. इतका निर्दोष संथपणा मी कधी —

मघाशी जागा झालो तेव्हा चालत नव्हतो. तरी झाडे मागे सरत होती.

तारीख ठाऊक नाही

कुमुद, मी निघालो होतो. शब्द मोडला नाही. पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून —

भरदिवसा

उतरवले. हळुवार. कपडे झटकले माझे. समोर दुसरी हद्द — झाड नाही, गाव नाही, पलीकडे ऊनही नाही — आणि तिथून कोणीतरी येत आहे. मी हात पाठीमागे बांधले. ते घाई करत नाहीत. वही गुडघ्यावर घेऊ दिली. लिहून होईपर्यंत थांबतात. म्हणून लिहितो आहे. काहीही. साग, येन, मोह, बिजा, धावडा, पुन्हा साग — थांबायचे नाही — पण आता कोणीतरी माझी बोटे, पेनावरची, अत्यंत अदबीने उलगडून