रविवारच्या वेली

१७ फेब्रु., शनि.

ठिपके सापडले!

लोडाय गावाच्या पूर्वेला, नदीपासून जवळ. दोन हिवाळे माझी शनिवार सकाळ विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंत जाते. नव्या द्राक्षबागा वरून रेघांसारख्या दिसतात, तारांमुळे. जुन्या झिनफँडेलला, म्हणजे इथल्या वाईनच्या काळ्या द्राक्षाला, तार नसते, मांडव नसतो. प्रत्येक वेल एकटी उभी, चहूबाजूंनी सारखं अंतर. वरून नुसते ठिपके दिसतात, रांगोळीच्या रेघा काढायच्या राहून गेल्यासारखे.

याआधी सात जागा सापडल्या होत्या. चार ठिकाणी अक्रोड निघाले, तीन ठिकाणी घरं. समीर म्हणतो, "नवरे गोल्फला जातात म्हणून बायका रडतात. माझी बायको मेलेल्या बागांच्या मागे." रडत तर नाहीस ना, म्हटलं. मग ऊठ, गाडी काढ.

उठला नाही. उद्या एकटीच.

१८ फेब्रु., रवि.

जाऊन आले.

घरून, फॉल्समहून, तासाभराचा रस्ता. बाग खरी आहे. जिवंत आहे. गुडघ्याएवढ्या पिवळ्या मोहरीत काळी कुळकुळीत खोडं, माझ्या कवेत मावणार नाहीत अशी. एका खोडाला आरपार पोकळी, त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं, आणि वर यंदा छाटलेल्या काडीचा काप ताजा हिरवा. निम्मं खोड नाही आणि वेल जगतेय! मी पिंपळगावची, द्राक्षात वाढले. आमच्याकडे बाग पंधरा वर्षांची झाली की म्हातारी. वडिलांनी, अण्णांनी, माझ्यादेखत दोनदा बाग उपटून नवी लावली. इथे मात्र माझ्या पणजीच्या वयाची वेल पाहिली. काय करावं सुचेना, शेवटी बूट काढून आत गेले. ओली वाळू होती पायाखाली. बरं वाटलं.

कुंपणापाशी एक बाई काठी टेकून बघत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. नाव लोर्ना, बाग त्यांची. मला वाटलं ओरडणार. म्हणाल्या, "सर्व्हेवाली आहेस? बूट का काढलेस?"

सांगितलं, आमच्याकडे काढतात.

"कुठे?"

जरा विचार करून म्हटलं, मोठ्या माणसांच्या घरात.

काठीने घराकडे खूण केली. मग म्हणाल्या, कॉफी घे.

२४ फेब्रु., शनि.

परत गेले. अण्णांना व्हिडिओ कॉल लावून बाग दाखवली. तिकडे रात्र, जेवून बसले होते.

"ही वेल आहे का वड?"

मग एकेक प्रश्न. काडीला डोळे, फुटायच्या गाठी, किती ठेवतात? दोन. ओलांडे, तारेवरच्या आडव्या फांद्या, कुठायत? नाहीत, खोडाच्या डोक्यावरूनच सगळं. पाणी? फार कमी देतात. औषध? जवळजवळ नाही. "कॅमेरा खाली ने, बुंध्यापाशी," म्हणाले. नेला. चष्मा लावून बघत राहिले. चाळीस वर्षं द्राक्ष केलेला माणूस.

शेवटी म्हणाले, "आणि याची दारू करतात होय?"

लोर्नाबाईंनी निघताना एक बाटली दिली. आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्ष, पण वाईन कुणी चाखलेली नाही. समीरबरोबर अर्धा ग्लास घेतला. करवंदं, मिरी, आणि मागून काहीतरी उन्हात तापलेलं. समीर म्हणाला, "यार, ही चांगली आहे." आता पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. स्वार्थी.

९ मार्च, शनि.

आज कळलं काय चाललंय.

लोर्नाबाईंना मूलबाळ नाही. पुतण्या बाग काढून बदाम लावणार. त्याचंही बरोबर, कोण करणार हे सगळं? पण जुन्या बागांची एक यादी असते. त्या यादीत नाव आलं तर एक वाईनवाला लांब मुदतीचा करार करायला तयार आहे, त्याची माणसं बाग सांभाळतील. पुतण्याने कबूल केलंय, यादीत आली तर हात लावणार नाही. अट अशी की मूळच्या लावणीतल्या वेली ठरावीक हिश्शाहून जास्त जिवंत हव्यात, आणि नकाशावर एकेक दाखवायला हवी. यादीचा माणूस मे अखेरीस तपासायला येणार.

"तू नकाशांचं काम करतेस ना?" लोर्नाबाई म्हणाल्या. "मोजशील?"

मोजशील विचारतात! मी तर फुकट झाडूनसुद्धा दिली असती बाग.

१६ मार्च, शनि.

समीर आला. तो घेर मोजतो, मी लिहिते. फोटोवरून एकूण १६१४ वेली. जाड खोडं मूळची, बारीक खोडं नंतर लावलेली. ओळ ११ पर्यंत झालं.

वेलींचे डोळे सुजलेत. आत पांढरी लव आणि कडेला गुलाबी रंग. शंभराहून जास्त वर्षांच्या लाकडातून इतकं कोवळं काही बाहेर येतं हे बघून समीरसुद्धा दहा मिनिटं बोलला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

२३ मार्च, शनि.

ओळ १२ ते २७. फुटवा जोरात. पाठ गेली. लोर्नाबाई फोल्डिंग खुर्ची घेऊन ओळीच्या टोकाला बसतात आणि एकेका वेलीची हकीकत सांगतात. ही वाकडी आहे कारण एका वर्षी घोडा धडकला. हिच्या सावलीत त्यांची आई डबा खायची. मी नकाशावर नंबर टाकते, त्या वेलीला नाव देतात.

३० मार्च, शनि.

मोजणी संपली. आठ कमी.

मूळच्यातल्या चौदा वेलींना एकही डोळा फुटलेला नाही. बाकी बाग हातभर हिरवी आणि या चौदा काळ्या ठिक्कर. अण्णांना विचारलं. म्हणाले, "छाटणीनंतर बाग एकदम फुटते. पंधरवड्यात फुटली नाही ती गेली." मला हे माहीतच होतं, नुसती खात्री करून घेतली. चौदांना लाल रिबन बांधली. मेलेल्या धरल्या तर यादीला आठ कमी पडतात.

लोर्नाबाईंना सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. माझं लहानपण द्राक्षात गेलंय."

हेच शब्द वापरले मी.

त्यांनी मान हलवली. "मग बदाम," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची मिटली. मी उचलू लागले तर दिली नाही.

येताना गाडीत रडले. समीरने रेडिओ बंद केला.

१३ एप्रिल, शनि.

लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

आज नुसती निरोप घ्यायला म्हणून गेले. ओळ २, वेल १९. लाल रिबन. आणि रिबनच्या वर, खोडाच्या एका बेचक्यात, तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबी डोळा.

मेलेली वेल फुटत नाही.

पुढची रिबन पाहिली. तिलाही. तेवढ्यात खालच्या ओळींतून करवतीचा आवाज आला. पळाले. राऊल, बागेचं काम बघणारा, रिबनच्या वेली जमिनीपासून वीतभर ठेवून कापत होता. नववी नुकतीच आडवी झाली होती. मी हात वर करून ओरडत होते, मराठीत. त्याने मशीन बंद केलं. "लाल रिबन होती," म्हणाला. त्याचं काय चुकलं? लाल म्हणजे मेलेली, दर वर्षीच्या सफाईत काढायची, इथे सगळ्यांना माहीत. मीच बांधल्या.

कापलेल्या बुंध्यांतून पाणी झरत होतं. वाळलेलं लाकूड कोरडं असतं. या नऊही बुंध्यांतून थेंब थेंब पाणी खालच्या वाळूत पडत होतं. मी त्या ओल्या वाळूत बसले.

लोर्नाबाई हळूहळू आल्या. बराच वेळ बुंध्याकडे बघत राहिल्या. "या उशिरा उठतात," म्हणाल्या. "दर वर्षी. माझी आई यांना रविवारच्या वेली म्हणायची."

मग तुम्ही सांगितलं का नाही?

"तू इतक्या खात्रीने म्हणालीस. मला वाटलं, यंदा नसतील उठल्या. माझंही वय झालं, वाटलं तुला जास्त दिसतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, रवि.

अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मीही न बघता बोललो, बाई." पुढे म्हणाले, "आपल्याकडे बाग एकदम का फुटते? आपण डोळ्यांना फूट आणणारी पेस्ट लावतो म्हणून. सगळ्यांना एका दिवशी उठवतो. ती आपली सवय झाली, वेलीची नव्हे."

मला हे सुचलंच नाही. मी स्वतः हातमोजे घालून पेस्ट लावलेली आहे, शाळेत असताना, सकाळी सहा वाजल्यापासून. वेलीला आपल्याआपण उठताना मी आयुष्यात कधी पाहिलेलंच नाही!

"बुंधे काढू देऊ नको. मूळ जिवंत आहे. खालून फुटेल," अण्णा म्हणाले. मग एकदम विचारलं, "खुंटावर आहे का स्वतःच्या मुळावर?"

खरा प्रश्न तो. खाली रानटी जातीचं मूळ, खुंट, आणि वर कलम असेल, तर बुंध्यातून रानटी वेल येणार, झिनफँडेल नाही. लोर्नाबाईंना फोन केला. त्यांना माहीत नाही. ज्यांच्या काळात बाग लागली त्या त्यांच्या आजोबांना विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

२० एप्रिल, शनि.

राऊलला भेटले, माफी मागितली. त्याने खांदे उडवले, मग माझ्याबरोबर नऊ बुंध्यांभोवती खुंट्या ठोकल्या, कुणी ट्रॅक्टर घालू नये म्हणून. खुंट्यांना पांढरी रिबन.

उरलेल्या पाच रविवारच्या वेली आता पुरत्या उठल्यात. म्हणजे यादीला आठ कमी होत्या, आता तीन. मी हाताची घडी घालून गप्प बसले असते तर सहा वर गेल्या असत्या. हा हिशेब रोज डोक्यात येतो.

यादीच्या माणसाला फोन केला, सगळं खरं सांगितलं. शांत माणूस. म्हणाला, मूळ तेच आणि जात तीच असेल तर वेल तीच. पण पानावरून दिसायला हवं.

नवांतल्या तीन फुटायला हव्यात. आणि खऱ्या.

४ मे, शनि.

काही नाही. बुंध्यांचं पाणी थांबलं, वर काळी खपली. बाकी बाग छातीपर्यंत आली. मधमाश्या. मला वर बघवत नाही, खाली बघत चालते.

लोर्नाबाईंनी खुर्ची परत आणली आहे. दोन आणल्या. एक माझी.

११ मे, शनि.

ओळ ३१, वेल ४. बुंध्याच्या कडेने फूट!

गुडघ्यावर बसून बघितलं. पानं अजून मिटलेली, पण शेंड्यावर लव. रानटी खुंटाला लव नसते, पान लहान, गोल आणि चकचकीत. झिनचं पान खोल कापलेलं, खालून लोकरीसारखं. अण्णांना फोटो पाठवला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, लगेच फोन आला. "लव आहे ना? हात नको लावू."

लावला नाही. श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेतला.

१८ मे, शनि.

३१/४ चं पान उघडलं. पाच कप्पे, खालून मऊ. झिनफँडेल! स्वतःच्या मुळावर! म्हणजे लावणीच्या वेळी कुणीतरी याच वाळूत नुसती काडी खोचली, आणि ती अजून उभी आहे. लोर्नाबाईंनी पान उलटं करून अंगठ्याने हळूच चोळलं. "गुड मॉर्निंग," त्या वेलीला म्हणाल्या.

३३/७ सुद्धा उघडली. तीही खरी.

दोन झाल्या. बाकी सात गप्प आहेत. राऊल म्हणाला, आपण वाट बघू. ‘आपण’ म्हणाला.

२५ मे, शनि.

यादीचा माणूस मंगळवारी येतोय. नकाशा छापून तयार आहे. जिवंत वेल म्हणजे भरीव ठिपका. कापलेल्या नवांच्या जागा मी कोऱ्या ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन परवा भरल्या.

आज सकाळी सगळे बुंधे पाहिले. काही नाही. समीर म्हणाला, मंगळवारनंतर फुटल्या तर वेलींना काय फरक पडतो. मी म्हटलं, बदामाला पडतो. मग तो परत पहिल्या बुंध्यापासून बघायला गेला, बिचारा.

दुपारी लोर्नाबाईंशेजारी बसले होते. मी विचारलं, पुढच्या वर्षी इथे बदाम असले तर? त्या म्हणाल्या, "मग तू परत अनवाणी येऊ नकोस. टोचतात." दोघी हसलो. मग त्यांनी माझा हात धरला. सॉरी म्हणायचं होतं, पुन्हा. त्यांनी म्हणू दिलं नाही.

निघायच्या आधी समीरने हाक मारली. ओळ ३६, वेल १२. बुंध्याच्या सालीला एक भेग, आणि भेगेत काहीतरी गुलाबी, मोहरीएवढं. अजून डोळाही म्हणता येणार नाही. लव आहे की नाही, दिसत नाही. पान मंगळवारपर्यंत उघडेल? खरं असेल? कुणाला माहीत. लोर्नाबाईंना हात धरून तिथपर्यंत नेलं. त्यांनी खुर्ची मागितली, बुंध्यासमोर मांडली, आणि बसल्या. घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, तुम्ही जा, मला कुठे घाई आहे.

घरी येऊन नकाशा उघडला. ३६/१२ ची जागा कोरी. या वेळी मी काही ठरवणार नाही. पेन्सिलने एक ठिपका ठेवला, अगदी फिका. रबर आत ठेवून दिलं नाही, पण हातातही घेतलं नाही.