तळघरातील दुसरी शेगडी

१४ एप्रिल

नादिन परत येणार आहे. टोलेडोतील घर विकले जात आहे. जावई आपल्या वाटेने गेले. फोनवर एवढेच म्हणाली, "बाबा, थोडे दिवस तुमच्याकडे राहू?" मुलीने बापाला हे विचारावे!

वर शयनगृह एकच. तेव्हा तळघर तिला द्यायचे. परंतु रीतसर परवाना काढूनच.

शेजारच्या पाल्मिनाने कुंपणावरून ऐकले आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, या गल्लीत तळघरासाठी परवाना काढलाय कुणी? तुमच्या सासऱ्यांनी एका शनिवारी भिंत उभी केली, दोन बाटल्या वाइन संपवली, झालं!"

मी म्हटले, "म्हणूनच ती भिंत वाकडी आहे."

माझी बायको एर्सिलिया असती तर हसली असती. दोघांच्याही बाजूने. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचे आहे.

२ मे

नगर कार्यालयातून तपासनीस आला — ड्वेन प्रुइट. पाहताक्षणी ओळखले. शेवटच्या बाकावर बसत असे.

"सर, लॅटिनमध्ये तुम्ही मला दोनदा नापास केलंत."

"तिसऱ्यांदाही केले असते. तू शाळा बदललीस."

"आज पेपर माझ्या हातात आहे हं!"

माणूस सभ्य आहे. छताची उंची मोजली, वायरिंग पाहून नुसताच हुंकार दिला. झोपण्याच्या खोलीला सुटकेची खिडकी हवी — इतकी मोठी की आग लागल्यास आतला बाहेर पडू शकेल आणि पाठीवर नळकांडे बांधलेला जवान आत उतरू शकेल. ते मान्य. मग त्याची नजर कोपऱ्याकडे गेली.

"ही शेगडी चालू आहे?"

"होती."

"माणूस झोपणार त्या खोलीत गॅसची शेगडी चालणार नाही, सर. खोली एकच आहे. एकतर शयनगृह, नाहीतर स्वयंपाकघर. काय लिहू?"

मी उत्तरासाठी दोन दिवस मागून घेतले.

३ मे

झोप नाही. लिहितो.

आमच्या इटालियन लोकांत वरचे स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी. एर्सिलियाने वरच्या शेगडीवर कॉफीपलीकडे काही ठेवले नाही. लग्नानंतर कित्येक वर्षे त्या शेगडीखालच्या भट्टीच्या दारावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. राबणे सारे खाली. ईस्टरचे पाव, नाताळच्या आदल्या दिवशीचे मासे, दोरीवर वाळणाऱ्या शेवया. ऑगस्ट सरता सरता पाल्मिना आणि तिची नणंद पेट्या घेऊन उतरत — मग दोन दिवस टोमॅटो, तुळस, वाफ आणि गल्लीतील प्रत्येकाची निंदा. मी वर वह्या तपासत असे. स्वयंपाक झाला की एर्सिलिया डावाने पाण्याच्या नळीवर ठोके देई. तीन ठोके — पाने वाढली आहेत. चौथा पडला, तर समजावे की बाईसाहेब संतापल्या!

चौथ्याची वाट मी मुद्दाम पाहत असे.

४ मे

प्रुइटला कळवले — शयनगृह.

एर्सिलियानेही हेच उत्तर दिले असते. मुलगी आधी.

११ मे

गॅसवाल्याने नळीचे तोंड बंद केले. शेगडी गॅरेजमध्ये, चादरीखाली. जिथे होती तिथे फरशीवर स्वच्छ चौकोन राहिला आहे.

पाल्मिना: "मेलेलं माणूसही आम्ही तीन दिवस घरात ठेवतो, मास्तर. तुम्ही शेगडीला तेवढंही थांबू दिलं नाहीत!"

ती रडत होती.

२३ जून

सुटकेच्या खिडकीसाठी भिंत कापली. दिवसभर धूळ. संध्याकाळी तळघरात प्रथमच ऊन आले — आणि ते थेट त्या चौकोनावर पडले. वर निघून आलो.

८ जुलै

सुतार वायरिंगची तपासणी होण्याआधीच भिंती झाकायला निघाला होता. "कोण बघतंय, साहेब?" मी जिन्यात खुर्ची टाकून बसलो. प्रुइट आला, पाहिले, सही केली. मगच भिंतींवर तक्ते चढले. सुतार मला मनात काय म्हणाला ते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षे वर्गात तेच ऐकले.

२ ऑगस्ट

रंग झाला. पलंग आला. आणि नादिनचा फोन.

तिला टोलेडोतच शाळेत नोकरी मिळाली आहे, राहायला जागाही. मी अभिनंदन केले. आवाज नीट ठेवला असे वाटत होते.

"बाबा, रागावलात?"

"नाही."

"खरं सांगू? मला तिथे झोपच आली नसती. डोळे मिटले की लसूण परतल्याचा वास आला असता. आईच्या स्वयंपाकघरात पलंग! मला तुम्हाला सांगताच येईना, तुम्ही इतके मनापासून नियम पाळत होतात."

मग आम्ही दोघेही एकदम हसलो. मग हसत नव्हतो.

५ ऑगस्ट

नगर कार्यालय. परवान्यातील वापर बदलण्याचा अर्ज.

प्रुइटने चष्मा वर केला. "शयनगृहाचं पुन्हा स्वयंपाकघर? दुसरं स्वयंपाकघर चालतं, सर, पण भाडेकरू ठेवायचा नाही. एकाच कुटुंबानं वापरायचं. घरात राहतं कोण?"

"मी."

"अजून?"

"मीच."

"एका माणसाला दोन शेगड्या! तुम्हाला रांधता काय येतं?"

"अंडे उकडता येते."

तो हसला नाही. लिहीत असताना म्हणाला, "गॅसची जोडणी तपासायला मी स्वतः येईन."

१९ ऑगस्ट

जोडणी मंजूर.

२७ ऑगस्ट

पाल्मिनाने आज दार वाजवलेच नाही. टोमॅटोची पहिली पेटी सुटकेच्या खिडकीतून आत आली, पाठोपाठ दुसरी, आणि मग तिचा आवाज — "मास्तर, कोट काढा, बाह्या वर करा! टोमॅटो गाळायचं यंत्र काय एर्सिलिया येऊन फिरवणार आहे?"

कोट काढला.