छतावरची खिडकी आणि माझे कान

प्रिय भिंगरी,

गाडी तयार आहे, असा निरोप मी परवा तुझ्या आईकरवी दिला होता. उद्या सकाळी तुम्ही तिघं ती न्यायला याल. आल्यावर आधी हे वाच आणि मगच किल्लीला हात लाव. जावईबापूंनाही वाचायला दे. मला भीती वाटतेय, आणि हे एवढं लिहायला दोन कप चहा आणि तीन कागद गेले, यावरून काय ते समज.

फांदी पडून तुमच्या मोटरहोमच्या छतावरची खिडकी फुटली, तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम. फुटकी चौकट उचकटायची, तिच्याखालचा जुना चिकटा खरवडायचा, नवी काळी चिकट पट्टी चारी बाजूंनी लावायची, त्यावर नवी चौकट बसवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचे आणि शेवटी कडेनं सीलंट फिरवायचं. माझी खरवडायची पद्धत तुला माहीत आहे. मी बघत नाही, ऐकतो. पातं चिकट्यावर असलं की आवाज ओला, भरड येतो. खालचा पत्रा लागला की कोरडा आणि बारीक होतो. तो आवाज आला की थांबायचं. चाळीस वर्षं याच जोरावर खाल्लं. लोक दोन दोन गावं ओलांडून गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, मिस्त्री, जरा कान लावा. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

मग पाण्याची परीक्षा. तुझी आई शिडीवर पाइप धरून उभी, आणि मी आत, तुमच्या पिटुकलीच्या, माझ्या नातीच्या बिछान्यावर, बरोबर खिडकीखाली आडवा. सवयीनं डोळे मिटले. थेंब पडला तर कळेलच की. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सगळं शांत. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. एवढ्यात आईनं दार उघडून माझा पाय हलवला. अहो, झोपलात काय, मला बाहेर टपटप ऐकू येतेय आणि तुम्ही आत ढिम्म. उशीशेजारी पिटुकलीचा खाऊचा डबा होता, पत्र्याचा. त्याच्या झाकणावर पाणी पडत होतं. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. बाही भिजली होती. मी झाकणाकडे बघत राहिलो. थेंब पडताना दिसत होता, आवाज नव्हता. आई म्हणाली, असे पांढरेफटक का पडलात, गळतंय तर बुजवा. मी म्हणालो, हो, बुजवतो.

चौकट पुन्हा काढली. मागच्या कोपऱ्यात जुन्या चिकट्याचा तळहाताएवढा थर तसाच होता. माझ्या लेखी पत्रा केव्हाच लागला होता, कारण तिथे जो आवाज यायला हवा, तो माझ्या डोक्यात आपोआप वाजला होता. या खेपेला चष्मा लावून, बोट फिरवून खरवडलं. नवी पट्टी लावली, स्क्रू मोजून आवळले, तासभर पाणी सोडलं आणि बिछान्यावर वर्तमानपत्रं पसरली. दोन दिवस कोरडी आहेत. खिडकीची काळजी करू नकोस. पाणी डोळ्यांना दिसतं.

पण बाकीची गाडी? पुढची चाकं, ब्रेक, इंजिन, सगळं मी मोठ्या रस्त्यावर पळवून, कानानं ऐकून पास केलं होतं. त्यात तुम्ही घाट चढणार आणि पिटुकली मागे झोपणार. शेवटी काल ठोक्याकडे गेलो. हो, चौकापलीकडचा माझा शिष्य, हातोड्याशिवाय ज्याचं पान हलत नाही असं मी जेवताना सांगत असतो, तोच. त्याला वाटलं भांडायला आलो. म्हणाला, उस्ताद, तुम्ही आणि माझ्या दारात, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, गाडी चालव आणि काय ऐकू येतं ते सांग. मोठ्या रस्त्याला वेग घेतल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, डावं पुढचं चाक घुमतंय, हे तुमच्या कानातून सुटायचं नाही, माझी परीक्षा घेताय ना? मी काच खाली केली, वर केली, मान बाहेर काढली. मला फक्त वारा लागत होता. चाक खोललं तर आतलं बेअरिंग झिजून खाल्लेलं. भिंगरी, मी माझ्या हातानं तुम्हा तिघांना त्या चाकावर घाटात धाडलं असतं, आणि वर म्हणालो असतो, लोण्यासारखी चाललीय. बेअरिंग त्यानं बदललं. माझं नाव राखायला कुणाला काही बोलला नाही, तेही मला टोचलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. तुला समोर सांगायचा विचार केला होता, पण माझी सवय मला माहीत आहे. ऐकू आलं नाही की मी हसून मान हलवतो आणि समोरच्याला ते हो वाटतं. वर्षभर असंच निभावलंय. गेल्या आठवड्यात तू फोनवर गाडीबद्दल काहीतरी विचारलंस, दोनदा विचारलंस, आणि मी म्हणालो, बिनधास्त जा गं. तू काय विचारलंस ते मला कळलंच नव्हतं. आई तेव्हा घरात नव्हती, म्हणून तिलाही विचारता येत नाही. कागदाची मागची बाजू कोरी ठेवलीय. तो प्रश्न तिथे लिही, मोठ्या अक्षरात, आणि मी वाचून उत्तर देईपर्यंत गाडी सुरू करू नकोस.

तुझाच, उद्या अंगणात तुझ्या ओठांकडे बघत उभा असलेला,
बाबा