दुसऱ्याची बैलजोडी

बाबा, तांबड्या बैलाचा पाय मोडला त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली, मीही आता काठी टेकत चालतो, तरी हे एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली. मध्ये दोनदा उठून पाणी प्यालो, एकदा उगाच अंगण झाडलं. सूनबाई बघत राहिली.

दूर परमुलखात कुठे लढाई लागली म्हणून विलायतेला आपल्या वऱ्हाडचा कापूस हवा झाला, त्या वर्षांतली ही गोष्ट. तुम्हाला आठवत असेल, अमरावतीहून अकोल्याकडे गाड्यांची रांग निघे ती संपता संपत नसे, आणि बाभळींना रस्ताभर कापूस लटकलेला असे. आपण ख्रिस्ती होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुक्कामाला बाकीचे गाडीवान एकीकडे चूल मांडत आणि आपली तीन दगडांची चूल लांब. तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. उलट त्यांच्याचकडे जाऊन म्हणायचात, "एक हात लावता का गा, बोरा चढवाचा हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं होई. जे आपल्या हातचं पाणी पीत नाहीत त्यांच्यापुढे कशाला हात पसरायचा? अमरावतीच्या बाजारात मी एकदा कापसाचा भरला बोरा एकट्यानं पाठीवर घेतला आणि लोकांनी वाहवा केली, तेव्हा तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "पाठ तुही, पन ताकद वरच्या देवाची हाय. उसनी वस्तू मिरवू नाही." त्या रात्री पाठीला हळदीचा लेपही तुम्हीच लावलात. मी तोंड फिरवून पडलो होतो.

मग माघात तुम्हाला हिवतापानं धरलं आणि पहिल्यांदाच मी एकटा गाडी घेऊन निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे अवकाळी पाऊस झाला. काळ्या मातीचं तुम्हाला काय सांगायचं! नाल्याच्या चढावर चाक मधल्या तुंब्यापर्यंत, पार आसापर्यंत रुतलं. मागच्या गाडीवानानं न सांगताच आपले बैल सोडले आणि ते घेऊन पुढे आला. रस्त्याची रीतच तशी, एकाची गाडी फसली की दुसऱ्यानं आपली जोडी पुढे लावायची. आपण धर्म बदलल्यावर पंगतीतून आपल्याला उठवणाऱ्यांत हाच माणूस पुढे होता. तो म्हणाला, "थांब लेका, बैलायले मारू नको. माही जोडी लावतो."

आणि मी म्हणालो, "तुमची जोडी नाही लागत मले. आमचा देव ओढीन."

बाबा, मी मोठ्यानं प्रार्थना केली. सगळ्यांना ऐकू जावी म्हणून केली. गुडघे चिखलात टेकले खरे, पण छाती फुगलेली होती. मग उठून बैलांवर चाबूक ओढला. तांबड्यानं जीव खाऊन ओढलं, त्याचा पुढचा पाय खाली दगडात अडकला आणि मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या माणसानं आपली जोडी लावून गाडी वर काढली. तांबड्या तिथेच बाभळीखाली तिसऱ्या दिवशी गेला. वासरू असताना तुम्ही त्याला हातानं भाकर चारली होती.

उरलेला एकच बैल घेऊन घरी आलो तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. विचारलंत, "कोनी आलं नाही का मदतीले?" मी म्हणालो, "नाही. तोंड फिरवून निघून गेले. चिखलातून बंडी मी एकट्यानंच काढली." दिवेलागणीला प्रार्थनेत म्हणालात, "बापा, त्यायले माफ कर. त्यायच्या बैलायले दुखू नको देऊ." आई म्हणाली आमेन. मीही म्हणालो. मला वाटलं, एका दिवसाचं आहे. पण तुम्ही ते रोज म्हणत राहिलात, शेवटच्या दुखण्यापर्यंत, आणि मी शेजारी बसून रोज आमेन म्हणत राहिलो. तुमचे हात उचलेनासे झाले तेव्हा मी तुम्हाला पेज भरवायचो. लहान लेकरासारखं तोंड उघडून तुम्ही हसत म्हणायचात, "देवानं मले दोनच हात देल्ले नाहीत रे. बाकीचे दुसऱ्यायच्या अंगाले लावून ठेवले." तेव्हा सांगायला हवं होतं. चमचा हातात, शब्द ओठावर, आणि मी म्हणालो, अजून थोडी घ्या.

आता हे सगळं का उकरतोय ते सांगतो. गेल्या रविवारी प्रार्थनाघरात मला नम्रतेवर बोलायला सांगितलं होतं. छान बोललो. एक जण बाहेर म्हणाला, "बावाजी, नम्रता शिकावी तं तुमच्यापासून." मला बरं वाटलं, बाबा. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं, आणि मग स्वतःची इतकी शिसारी आली की जेवण गेलं नाही.

म्हणून परवा त्या गाडीवानाकडे गेलो. मूर्तिजापूरच्या स्टेशनापासून दीड कोसावर त्याचं गाव. खाटेवर बसून तंबाखू मळत होता, डोळ्यांना फारसं दिसत नाही. मी त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, नाकारलेली जोडी, घरी बोललेलं खोटं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनती बंडी? त्या सालात लय बंड्या फसल्या लेका." मी नाला सांगितला, बैलाचा रंग सांगितला. "नाही गा आठवत," तो म्हणाला. "तुहा बाप आठवते पन. वाटेत भेटला का हात जोडे, माह्या बैलायची खुशाली इचारे. मी म्हनो, याच्या पंगतीले आमी बसत नाही, आन हा मले काहून हात जोडते?"

तुम्ही त्याला क्षमा करत होता. न केलेल्या अपराधाची, आणि ती त्याला ठाऊकही नव्हती. मी तिथेच रडलो. तो गोंधळला आणि तंबाखू पुढे करत राहिला. पण खरं सांगू का, रडताना मला त्याचा रागही आला होता. एवढं आयुष्यभर वागवलेलं पाप, आणि याच्या लक्षातही नाही! माझा बडेजाव पापातसुद्धा सुटला नव्हता.

परत निघालो तेव्हा ऊन तापलं होतं. एका गाडीवाल्यानं बैल आवरले. "बावाजी, बसा, स्टेशनाले सोडतो." आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, जाईन मी." गाडी गेली. शेतभर चाललो असेन, पाय थरथरायला लागले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो. उठता येईना. दुसरी गाडी आली ती थांबलीच नाही. तिच्या मागून मी हाक मारली, "थांब रे बाप्पा, मले बसव." गाडी थांबली. तीतल्या दोन पोरींनी मला काखेत धरून वर ओढलं, एक तर खुदकन हसली.

तुम्ही अंगात ताकद असताना मागत होता. मी पाय गेले तेव्हा मागितलं. हे मी प्रार्थनाघरात सांगणार नाही, बाबा. सांगितलं तर पुन्हा वाहवा होईल, आणि ती मला आवडेल.