पातेल्याचा पोचा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझी चित्रांची वही परत मिळाली. तू चित्रकलेचा मास्तर म्हणून हौसेने मीच पाठवली, तेव्हा रागावू कुणावर? उलथन्याला दहापैकी सहा गुण पाहून तुझे भावजी पोट धरून हसले. मीही हसले आणि वही पिठाच्या डब्यामागे टाकली. या वयात चाळण्या आणि झाकणं काढत बसते, याची माझी मलाच लाज वाटली. आता पेन्सिल बंद.

एकच सांगते. पातेल्याच्या कडेचा पोचा तू खोडून कड गोल केलीस आणि बाजूला लिहिलंस, ‘निरीक्षण कमी पडतं.’ अरे, पोचा आहेच तिथे. उजेड त्यात कसा वळतो ते साधायला मला तीन दुपारी लागल्या. आईने मला दिलेलं तेच पातेलं. लहानपणी जिन्यावरून घरंगळलेलं, आठवतं का?

आईला जप. लोभ आहेच, तो पुसला जायचा नाही.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवतं. ‘घरंगळलेलं’ लिहून तू मला पुन्हा वाचवलंस. जिन्यावरून ते मी सोडलं होतं, गाडी म्हणून. आईला मात्र तुझं नाव सांगितलं. दोन दिवस ती तुझ्याशी बोलली नाही आणि तू चकार शब्द काढला नाहीस. तेव्हा पोचा तुझ्या माथी मारला, आता चित्रातून पुसलाही, वर निरीक्षणाचे धडे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तुझं पत्र वाचल्यापासून वर्गात खोडरबर हातात घ्यायची शरम वाटते.

तो पोचा मी आठवून चारदा काढला. चारही वेळा नुसता डाग दिसला. तुझ्या चित्रात भांडं हातात घ्यावंसं वाटत होतं आणि मी त्याला गुण देत बसलो.

काल जेवताना आईला सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताटसुद्धा मुकाट्याने सरकवते. बरोबरच आहे.

रविवारी येऊ का? पोचा तू पुन्हा काढ. मी पेन्सिलींना टोक करून देईन. लोभ मागायला तोंड नाही, पण नाही म्हणालीस तरी मागतो.

तुझा धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वही डब्यामागून काढली, पिठाने पांढरी झाली आहे. आईला म्हणावं, माझ्याशी अबोला दोनच दिवस होता, त्याच्याशीही तेवढाच पुरे. रविवारी ये. पातेलं खिडकीत ठेवते. खोडरबर घरीच ठेवून ये.

तुझी ताई